माझ्या खोलीत उतरलेले पाळकसाहेब

पाहुणा गेला की त्याची चादर धुवायला पडते, गादी उन्हात जाते, पण त्याची गोष्ट काही घराबाहेर जात नाही. ती भाजी निवडताना निघते, नाहीतर सगळे जेवायला बसले की निघते. आणि एक निघाली की तिच्या मागून दुसरी. आमच्याकडे इतके पाळक आणि गावोगाव उपदेश करत फिरणारे सुवार्तिक उतरून गेले की शालिनी, माझी सून, म्हणते, "आई, तुमची खोली म्हणजे चर्चचं गेस्ट हाऊस." पाहुण्याला खोली माझीच द्यावी लागते, कारण बाथरूम तिला लागून आहे. मी मग हॉलमधल्या सोफ्यावर. सोफ्यावर झोप जेमतेम लागते, पण ऐकू सगळं येतं.

आम्ही शारजात अल मजाजला राहतो, पाण्याकडे तोंड असलेल्या बिल्डिंगमध्ये. माझा मुलगा प्रकाश एसीच्या कंपनीत आहे. त्याचे वडील गेले तसा तो मला नगरकडच्या गावातून इकडे घेऊन आला. इथे आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे, पण एकजीव आहे. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी चर्चच्या आवारात एक हॉल मिळतो. आधी आमची उपासना, मग तेलुगू मंडळी, मग मल्याळी, मग फिलिपिनो. एकीची चप्पल निघते तोवर दुसरीची दारात उभी.

आमच्याकडे सगळं होतं, पाळक तेवढा नव्हता. उपासना प्रकाश चालवायचा, शास्त्रपाठ वाचायचा, चार शब्द बोलायचा. पण प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस आणि बाप्तिस्मा दीक्षा झालेल्या पाळकाच्याच हातून. तो भारतातून भेटीला येईल तेव्हा खरं. आमच्या मार्थाबाई दवाखान्यात नर्स आहेत, त्यांचा मुलगा पाळकाची वाट बघत बघत चालायला लागला आणि स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला गेला! पाळकसाहेब त्याला उचलायला वाकले, तर तो पळाला.

माझं म्हणाल तर मला एकच घोर होता. उद्या मी अंथरूण धरलं, तर उशाशी बसून माझ्या भाषेत प्रार्थना करणारं कोणी असेल, की विमानाची वाट बघत मला थांबून राहावं लागेल? म्हणून येईल त्या पाहुण्यापुढे आम्ही तेच मागणं ठेवायचो. तो म्हणायचा, "नक्की पाठवू, प्रार्थनेत राहा." आम्ही प्रार्थनेत राहायचो.

*

पहिले आले ते एक म्हातारे पाळक. अरबस्तान म्हणजे वाळवंट, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या बॅगेतून हातपंखा निघाला, घामोळ्याची पावडर निघाली, पातळ मलमलचे सदरे निघाले. आणि कांदे निघाले. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला.

महिना कडक उन्हाळ्याचा. पण इथे उन्हात जातं कोण? घरात एसी, लिफ्टमध्ये एसी, गाडीत एसी. आणि आमच्या चर्चच्या हॉलचा एसी तर असा की मल्याळी बायका शाली तिथेच ठेवून जातात. पहिल्या दिवशी साहेबांनी माझी गोधडी मागितली. दुसऱ्या दिवशी प्रकाशचा स्वेटर. तिसऱ्या दिवशी व्यासपीठावर उभे राहिले ते कानटोपी घालून. खिशात कांदा होताच.

उपदेश होता इस्राएल लोक रानात फिरले त्यावर. मध्येच थांबले, नाक पुसलं, आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, इतकी वर्षं मी सांगत आलो की त्या लोकांनी वाळवंटात उन्हाचे हाल सोसले. त्यांना सर्दी झाली असेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!"

*

मग एक नावाजलेले सुवार्तिक आले. आवाज असा की माईक नको. प्रकाशने त्यांना गाडीतच सांगून ठेवलं, की साहेब, हॉल आपल्याला ठरलेल्या वेळेपुरता असतो, मागून तेलुगू मंडळी येतात. ते म्हणाले, काळजीच करू नका.

उपदेश रंगला. वेळ भरत आली. प्रकाशने पहिल्या बाकावरून घड्याळाकडे बघितलं, तर त्यांनीही घड्याळाकडे बघितलं आणि "आता शेवटचा मुद्दा" म्हणून नवा मुद्दा काढला. आमची माणसं संपवण्यासाठी मोठ्याने "आमेन" म्हणायला लागली. त्याने त्यांना आणखी जोर चढला.

तोवर तेलुगू मंडळी यायला लागली होती. बिचारी फार सभ्य. गडबड नको म्हणून एकेक कुटुंब हळूच आत येऊन मागे बसायचं. आधी मागचे दोन बाक भरले. मग भिंतीकडेने माणसं उभी राहिली. मग पोरंबाळं, ढोलकीवाला, फुलं घेतलेल्या बायका. सुवार्तिकांनी हे बघितलं मात्र! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण बोलतो आहोत आणि माणसं रस्त्यावरून ओढली जाऊन आत येतायत, असं त्यांना वाटलं. ते जे सुटले ते सुटलेच.

शेवटी तेलुगूंचे एक वयस्कर गृहस्थ उठले, पुढे आले, त्यांचा हात हातात घेतला आणि प्रेमाने म्हणाले, "अंकल, बहुत अच्छा. अब खलास."

त्यांना तो आशीर्वाद वाटला. भारतात परत गेल्यावर त्यांनी गावोगाव साक्ष दिली म्हणे, की शारजात माझ्या उपदेशाला उभं राहायला जागा नव्हती. खोटं कुठे होतं त्यात?

*

एक तरुण पाळक आले होते. उंच, गोरे, काळीभोर दाढी. पांढरा पायघोळ झगा घालूनच फिरायचे, त्यांना ते शोभायचंही. पण इथे तसा झगा कोण घालतं ते तुम्हाला माहीत आहे. लिफ्टमध्ये लोक त्यांना आधी जाऊ द्यायचे. वॉचमन उठून उभा राहायचा. त्यांना वाटायचं, इथे पाळकांना किती मान आहे.

शालिनी त्यांना मॉलमध्ये घेऊन गेली आणि दोन मिनिटं भाजीच्या काट्यापाशी थांबली. तेवढ्यात अत्तराच्या दुकानातला पोऱ्या त्यांच्याशी अरबीत बोलायला लागला. यांना अरबीतला एकच शब्द येत होता, तोही विमानात शिकलेला. त्याने काहीतरी विचारलं, हे म्हणाले, "इन्शाल्ला." त्याने एक बाटली उघडली आणि मनगटाला लावलं. पुन्हा विचारलं. "इन्शाल्ला." दुसरी बाटली. मग दाढीला. मग धुपाचं भांडं आणून झग्याच्या आत धूर दिला. शालिनी आली तेव्हा साहेब मधोमध उभे, दोन्ही हात पसरलेले, आणि तोंडावर भाव असा की इथली ही रीत असेल.

झगा एकच आणलेला. तोच घालून दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन दिलं. माझी नात नेहा भाकर घेऊन जागेवर आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आजी, अंकल स्मेल्स लाइक अ मॉल."

*

आता उम्म सामीची गोष्ट. उम्म सामी म्हणजे आमची शेजारीण, समोरच्या दाराची. सामीची आई म्हणून उम्म सामी. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही, पण ताटल्या जातात येतात, त्यातून आमचं सगळं बोलणं होतं.

एक वयस्कर पाळक उतरले होते, फार भाविक. त्यांना नेहाने सहज सांगितलं की समोरच्या आंटी जॉर्डनच्या आहेत. साहेब जेवता जेवता उठले. म्हणाले, "म्हणजे यार्देन नदीच्या? जिथे प्रभूचा बाप्तिस्मा झाला?" त्यांना तिला भेटायचंच होतं. मी, ते आणि दुभाषी म्हणून नेहा, असे गेलो. नेहाला शाळेत अरबी आहे.

साहेबांनी हात जोडून विचारलं, "बाई, तुम्ही ती नदी रोज बघायचात का?" नेहाने विचारलं. उम्म सामी थोडा वेळ आठवत राहिली. मग नेहाने उत्तर सांगितलं, "शी सेज, फार पाणी नसतं त्याला. दे बाय बॉटल्स." पण साहेबांच्या डोळ्यांतली श्रद्धा काही कमी झाली नाही.

मग कॉफी आली. ती कॉफी कडू, बिनसाखरेची, वेलचीच्या वासाची, आणि कप बोराएवढा. तिच्याकडची रीत अशी की पुरे झालं की रिकामा कप हातात दोनदा हलवायचा. नाही हलवला तर ती ओतत राहते. कप तसाच पुढे करणं म्हणजे आणखी मागणं. मला हे माहीत होतं, साहेबांना नव्हतं. ते प्यायचे आणि नम्रपणे कप पुढे धरायचे, ती ओतायची. त्यांना वाटायचं नाही म्हणणं वाईट दिसेल, तिला वाटायचं काय आवड आहे माणसाला!

मी समोरून हात हलवून त्यांना खूण केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, समजल्यासारखी मान हलवली, उजवा हात वर केला आणि उम्म सामीच्या घराला आशीर्वाद दिला. आशीर्वाद संपेपर्यंत कप भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. साहेबांचे हात थरथरत होते, डोळे लखलखत होते, आणि उपदेश इतका भरभर झाला की तेलुगू मंडळींना पहिल्यांदाच हॉल वेळेच्या आधी मिळाला.

*

असे येत गेले आणि जात गेले. प्रत्येकाला विमानतळावर सोडताना प्रकाश विचारायचा, "साहेब, आमच्या पाळकाचं तेवढं बघा." आणि प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "नक्की." पाळक काही येत नव्हता.

का येत नव्हता, ते कळलं एका पाळकीणबाईंकडून. त्या जालन्याकडच्या, नवऱ्याबरोबर आल्या होत्या. बाई स्पष्ट. पहिल्याच दिवशी ओट्यापाशी येऊन लसूण सोलायला बसल्या. शालिनी एकीकडे मटण परतत होती, दुसरीकडे खीर. बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तुम्ही हे प्रत्येकाला करता?"

शालिनी म्हणाली, करतो की. पाहुणे आहेत.

"मग तुम्हाला पाळक कशाला मिळतोय?" बाई म्हणाल्या. "तिकडे पाळक नेमायच्या सभेत विषय निघतो ना, तेव्हा इथून जेवून गेलेले सगळे उठून सांगतात की शारजाची मंडळी उत्तम चाललीय. हॉल गार, गाणी सुरात, मुलं हुशार, आणि जेवण तर विचारू नका. आणि पाळक जातो कुठे? जिथे छप्पर गळतं आणि मंडळी भांडते तिथे."

शालिनी झारा हातात धरून उभी राहिली. मटण खाली लागायला लागलं तरी तिला कळलं नाही. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं आमचा पाळक या पातेल्याने खाल्ला."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, पुढच्या खेपेला बिशपसाहेब स्वतः येणार आहेत. काय ते ठरवा."

*

ठरवायला बैठक आमच्याच घरी बसली. मार्थाबाई आल्या, बँकेतले सॅम्युएलभाऊ आले, ते आमचे कीबोर्ड वाजवतात, आणखी चार कुटुंबं आली. शालिनीने पाळकीणबाईंचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. सॅम्युएलभाऊ म्हणाले, सरळ आहे, आपली गरज बिशपसाहेबांना दिसली पाहिजे. मग एकेक ठरत गेलं. हार नाही. कीबोर्ड नाही. मुलांची तयारी घ्यायची नाही, अडखळली तर अडखळू देत. गाणं ज्याला जसं येईल तसं. जेवण नाही, चहा आणि बिस्किट. सगळ्यांना पटलं. मार्थाबाईंना तर असं पटलं की त्या म्हणाल्या, बिस्किटंसुद्धा साधीच आणा, क्रीमची नकोत.

प्रकाश तेवढा उठून उभा राहिला. तो मोठ्याने कधी बोलत नाही. म्हणाला, "देवाच्या घरात नाटक होणार नाही. तुम्ही काय करायचं ते करा, मी माझं नीटच करणार."

शालिनी म्हणाली, "मग माणूस कसा मिळायचा आपल्याला?"

तो म्हणाला, मिळेल तेव्हा मिळेल. आणि आत निघून गेला. बैठक त्याच्याशिवाय संपली. ठरलं ते ठरलं.

बिशपसाहेब आले. बारीक चणीचे, शांत, थोडं बोलणारे, पण चौकशा फार. गोधडी कोणी शिवली, उम्म सामी कोण, नेहा मराठी कुठे शिकते. माझ्या खोलीत एक रात्र राहिले आणि सकाळी चादरीची घडी स्वतः घालून ठेवली. असा पाहुणा मी बघितला नव्हता. या माणसाला आपण बिस्किटावर बोळवणार?

शुक्रवारी सकाळी बघते तर स्वयंपाकघरात शालिनी. मटण शिजत होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "थोडंसंच आहे, आई. घरचे पाहुणे म्हणून." मी म्हटलं, बरं. माझ्या दशम्या मी पहाटेच करून कापडात बांधल्या होत्या, त्या पिशवीत टाकल्या.

चर्चमध्ये गेलो तर मार्थाबाई ओढणीखालून डबा काढत होत्या. "एकच भाजी आहे हो, एका भाजीने काय होतंय." त्यांच्यामागून दुसरी, तिच्याही हातात डबा. सगळ्यांचं तेच, की बाकीचे कोणी काही आणणार नाहीत, मग साहेब उपाशी जायला नकोत. कोपऱ्यातलं टेबल भरलं, मग आणखी एक लावलं. सॅम्युएलभाऊंचा कीबोर्ड आत आला. गाडीत ठेवला तर उन्हाने खराब होईल म्हणे! कोणीतरी हारसुद्धा आणला होता.

गाणं सुरू झालं. बेसूर गायचं ठरलेलं, पण गाणं आमच्या गावाकडचं निघालं, आणि त्या गाण्यावर बेसूर कोण होणार? मीसुद्धा मोठ्याने गायला लागले. मुलं पुढे आली. आमची नेहा, जी घरात पाणी इंग्रजीत मागते, तिने अख्खं स्तोत्र शुद्ध मराठीत म्हणून दाखवलं. कोणाचा एक शब्द चुकला नाही. बिशपसाहेब मान डोलवत होते. शालिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "झालं. गेला पाळक."

मग प्रकाश उठला.

त्याने पुढच्या गीताचा नंबर सांगितला तो चुकीचा. दुसऱ्यांदा सांगितला तोही चुकीचा. बिशपसाहेबांचं स्वागत केलं ते मागच्या पाळकांच्या नावाने. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला डोळे मिटले आणि विमान सुखरूप पोचण्यासाठी प्रार्थना केली. मग चार शब्द बोलायला घेतले. सुरुवात योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं तिथून. खड्ड्यातून योसेफ कसा कोण जाणे समुद्रात गेला, आणि दुसऱ्याच कोणाच्या गोष्टीतल्या माशाच्या पोटातून बाहेर आला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सॅम्युएलभाऊंनी कीबोर्डवर डोकं टेकलं. बिशपसाहेब चष्म्याच्या वरून प्रकाशकडे बघत राहिले. शेवटपर्यंत बघत राहिले.

जेवण सगळ्यांनी पोटभर केलं. बिशपसाहेबांनी दशमी मागून घेतली.

विमानतळावर मीही गेले होते. प्रकाश ट्रॉली आणायला गेला आणि बिशपसाहेब माझ्याजवळ आले. जरा अवघडले होते. म्हणाले, "आजी, रागावू नका. मंडळी सोन्यासारखी आहे. पण प्रकाशराव फार थकलेत. त्यांच्यावर हे ओझं असं ठेवता येणार नाही. मी गेल्या गेल्या तुम्हाला पाळक पाठवतो. नाव ठरवूनच टाकलंय."

मी म्हटलं, "हो साहेब. फार थकलाय."

प्रकाश ट्रॉली घेऊन आला. बॅगा चढवल्या, सलाम केला, साहेब आत गेले. काचेपलीकडून त्यांनी प्रकाशकडे बघून हात हलवला, आजाऱ्याकडे बघून हलवतात तसा.

आम्ही गाडीत येऊन बसलो. त्याने गाडी चालू केली. मी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. लहानपणी तोंडावरून सगळं कळायचं त्याचं. शेवटी विचारलं, "प्रकाश, तू ते मुद्दाम केलंस का रे?"

तो समोर बघत म्हणाला, "आई, बेल्ट लाव."

बेल्ट मी लावलेलाच होता.